'रॉक कुकिंग' म्हणजे दगड उकळणं नव्हे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकवर आलेला लेख आम्ही वाचला. टाकीची मांडणी, मीठ, दिवे याबद्दलचा मजकूर ठीकच आहे. मात्र किडींबद्दलच्या चौकटीत 'टाकीतले दगड बाहेर काढून वीस मिनिटं उकळावेत, म्हणजे कीड समूळ जाते' असं जे छापलं आहे, त्याची दुरुस्ती त्याच पानावर आणि ताबडतोब व्हायला हवी. कीड जाईलही, पण त्या वाफेनं घरातली माणसं दवाखान्यात पोचतील.

गोंधळ कशामुळे झाला असावा, याचा अंदाज येतो. या छंदात 'रॉक कुकिंग' असा एक शब्द रूढ आहे. त्यात ना गॅस पेटवायचा असतो, ना पातेलं चढवायचं असतं. झाकणाच्या काळ्या ड्रममध्ये मिठाचं पाणी भरून दगड दीड-दोन महिने अंधारात मुरत ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. शब्दाचं सरळ भाषांतर झालं आणि मुरवण्याचं उकळणं झालं.

उकळण्यात धोका असा. टाकीतल्या दगडांवर शर्टाच्या बटणाएवढे रंगीत झोआ आणि पालिथोआ, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, वाढलेले असतात. कधी हौसेनं आणलेले, कधी दगडाबरोबर आपसूक आलेले. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या पालिथोआपासून ते १९७१ साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि सर्वात जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. उकळत्या पाण्यात ते मोडत नाही. उलट वाफेबरोबरच्या बारीक तुषारांतून हवेत पसरतं आणि श्वासावाटे छातीत जातं. काही तासांत तोंडाला धातूसारखी चव, हुडहुडी भरून ताप, खोकला, धाप आणि अंगदुखी सुरू होते. डोळ्यात तुषार गेला तर बुबुळावरच्या पडद्याला इजा होते. लक्षणं फ्लूसारखी असल्यामुळे 'आज फिशटँकचे दगड साफ केले' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं लागतं. ते विचारणार नाहीत. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि दुकानांतही अशा घटनांची नोंद झाली. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकीतलं कोरल साफ करताना एक कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून उकळणं तर नाहीच, पण दगडावर कढत पाणी ओतणं, प्रेशरच्या पाण्याचा फवारा मारणं, बाहेर काढलेला ओला दगड तारेच्या ब्रशनं घासणं यातलंही काही करू नये. खरवडायचंच असेल तर दगड बादलीतल्या पाण्याखाली धरून, हातात लांब मोजे आणि डोळ्यांवर गॉगल चढवून.

आता ते 'कुकिंग' खरं कसं करतात ते सांगतो. वीस किलो दगडांना शंभर लिटरचा ड्रम पुरतो. पाणी १.०२५ घनतेचं, रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजायच्या साधनानं मोजलेलं. तळाशी पाणी खेळतं ठेवणारा एक छोटा पंप, म्हणजे पॉवरहेड, कायम चालू, झाकण घट्ट, उजेड शून्य. मुंबई-ठाण्यात हीटर लागत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये ड्रम बाल्कनीत ठेवला तर पाणी बत्तीस अंशांच्या वर जातं, म्हणून घरातला थंड कोपरा बघावा. दर आठवड्याला दोन बादल्यांत ताजं मिठाचं पाणी घ्यायचं, दगड पहिलीत चार-पाच वेळा हिसळायचा, मग दुसरीत. पहिल्या खेपेला बादलीच्या तळाशी बोटभर राखाडी गाळ बसतो. तोच शेवाळाचं खाद्य. ड्रममधलं पाणीही त्याच दिवशी बदलायचं. सहा ते आठ आठवड्यांनी गाळ पडायचा थांबतो, अमोनिया शून्य दाखवतो, तेव्हा काम झालं. यानं शेवाळ जातं, साठलेला फॉस्फेट बराचसा निघतो आणि दगडातले उपयोगी जीवाणू जिवंत राहतात. ॲप्टेशिया नावाची समुद्रफुलासारखी कीड मात्र यानं हमखास मरत नाही. ती उजेडावर जगते तशी शिकारीवरही जगते, त्यामुळे अंधारात फिकट पडते, आकसते आणि पुन्हा दिवा लागला की डोकं वर काढते.

सगळंच मारायचं असेल तर ब्लीच. ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं बिनवासाचं ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग. दगड त्यात चोवीस तास, गच्चीत किंवा उघड्या व्हरांड्यात. पॅलिटॉक्सिन निकामी करायलाही हेच प्रमाण, ताजं कालवलेलं, किमान अर्धा तास चालतं. म्हणून झोआ असलेला दगड वाळवायच्या किंवा घासायच्या आधी ओला असतानाच ब्लीचमध्ये बुडवावा. त्या बादलीत व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही पडता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. नंतर खळखळून धुणं, सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात एक दिवस, मग कडक उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवणं. असा दगड निर्जीव असतो, त्यामुळे टाकीचं सायकलिंग, म्हणजे उपयोगी जीवाणू वाढवणं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. जुन्या टाकीत एकदम सगळे दगड असे बदलले तर अमोनिया चढून मासे जातात. एका वेळी एक-चतुर्थांशाहून जास्त नकोत.

उकळण्याचा मोह ज्या किडीमुळे होतो ती बहुतेक वेळा ॲप्टेशियाच असते. काचेसारखं पारदर्शक, तपकिरी, पेराएवढं समुद्रफूल. बुंधा सडपातळ आणि वर टोकदार झावळ्या, लहानसा माडच जणू. हात जवळ नेला की क्षणात स्वतःला भोकात ओढून घेतं. पाहणाऱ्याचा पहिला विचार असतो चिमट्यानं उपटायचा किंवा ब्लेडनं कापायचा, आणि तिथंच एकाची दहा होतात. ॲप्टेशियाच्या पायाचा दाण्याएवढा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं. धक्का लागला नाही तरी ती सरकताना असे तुकडे मागे सोडतच असते.

तिच्यावर खात्रीचा घरगुती उपाय चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाची पूड एक चमचा घ्यावी आणि आरओच्या पाण्यात सुईतून जेमतेम सुटेल इतकी घट्ट कालवावी. पानाला लावतात तो चुना रसायन म्हणून हाच, पण टपरीवरच्या डबीत आणखी काय आहे याची हमी कोणी देत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. एक मिलीची सिरिंज, बोथट सुई, तिला वीतभर कडक नळी. सगळे पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) बंद. फूल पूर्ण उमललेलं असताना आधी त्याला मायसिसचा, म्हणजे माशांच्या खाद्यातल्या बारीक कोळंबीचा, एक कण द्यायचा. झावळ्या मिटून ते तो तोंडाकडे नेऊ लागलं की नळीचं टोक अलगद वर आणायचं, न टेकवता, आणि पेस्ट आधी तोंडावर, मग सगळ्या बाजूंनी सावकाश सोडायची, अशी की फूल आकसलं तरी पेस्ट त्याच्याबरोबर भोकात जाईल. घाईनं पिचकारी मारली तर ते आधी आत जातं आणि पेस्ट दगडावर पांढऱ्या डागासारखी बसते. बहुतेकांचा उपाय फसतो तो इथंच. पंप पंधरा मिनिटं बंदच राहू द्यावेत, नाहीतर उडालेला चुना शेजारच्या कोरलवर बसून ते जळतं. शंभर लिटरच्या टाकीत एका दिवशी तीन-चार फुलांपलीकडे जाऊ नये, कारण चुन्यानं पीएच चढतो. आधी आणि नंतर मोजावा, ८.५ च्या वर गेला तर त्या दिवसापुरतं थांबावं. दर चार-पाच दिवसांनी हेच, तीन आठवडे तरी. दगड सुटा असेल तर तो तबकात बाहेर काढून तिथंच चुना लावणं सर्वात सोपं. पाच मिनिटांनी मिठाच्या पाण्यात हिसळून परत ठेवावा. त्यावर झोआ असतील तर मोजे आणि गॉगल इथंही हवेत. भोक खोल असेल तर चुन्यानंतर त्याचं तोंड इपॉक्सी पुटीनं बुजवून टाकावं.

जिवंत उपायांपैकी पेपरमिंट कोळंबी लोकप्रिय आहे. अडचण अशी की तिच्या नावावर कॅमल कोळंबी गळ्यात पडू शकते आणि ती ॲप्टेशिया सोडून झोआ आणि मशरूम कोरल कुरतडते. ओळख सोपी आहे: पेपरमिंट अर्धपारदर्शक, अंगावर बारीक लाल रेघा, कॅमल गडद लाल, ठळक पांढरे पट्टे आणि ठिपके, पाठीला कुबड, डोळे मोठे. पेपरमिंटला रोज पोटभर गोळ्या मिळाल्या तर ती ॲप्टेशियाकडे ढुंकून पाहत नाही. बर्गिया नावाची पाऊण-एक इंची समुद्री गोगलगाय मात्र ॲप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. मिळाली तर चार-सहा एकदम, रात्री दिवे घालवून, थेट फुलांच्या वस्तीपाशी सोडाव्यात आणि दोन-तीन महिने धीर धरावा. टाकीत रास जातीचा मासा किंवा पेपरमिंट असेल तर ते तिला खाऊन टाकतात, म्हणजे हे दोन उपाय एकत्र चालत नाहीत. कॉपरबँड बटरफ्लाय मासा खातो खरा, पण छोट्या टाकीत तोच उपाशी मरतो. ॲप्टेशियासाठी त्याला आणू नये.

दुसरी कीड जिथं मारण्याची घाई टाकीला महागात पडते, ती लाल चपटे किडे. गंजाच्या रंगाचे, तीन ते पाच मिलिमीटर, मागच्या टोकाला दोन-तीन शेपट्या. आधी वाळूवर, मग काचेवर, शेवटी कोरलवर पापुद्र्यासारखे. ते कोरल खात नाहीत, पण त्यावर पसरून उजेड अडवतात. बाजारातलं औषध यांना तासाभरात मारतं. पण मरताना ते अंगातलं विष पाण्यात सोडतात, आणि हजारो एकदम मेले तर औषधानं नव्हे, त्या विषानं मासे जातात. लोक दोष औषधाला देतात. म्हणून औषधाआधी निदान तीन आठवडे सायफन. हवेच्या पंपाला लावतात ती चार मिलिमीटरची नळी, तिच्या टोकाला कडक काडी, दुसरं टोक सम्पमधल्या (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) बारीक फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या पिशवीत; म्हणजे किडे अडकतात आणि पाणी परत टाकीत येतं. दुपारी दिवे प्रखर असताना ते उघड्यावर येतात, तीच वेळ. डोळ्यांना जवळपास दिसेनासे झाले की मगच औषध, आणि त्या दिवशी तीस टक्के पाणीबदलाचं पाणी आदल्या रात्रीच मीठ विरघळवून, तापमान जुळवून तयार. विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन पिशवीत भरून हाताशी. औषध टाकल्यावर किडे सुटून पाण्यात तरंगू लागतात, तेव्हाही सायफन चालूच. मासे जोरजोरानं कल्ले हलवू लागले की वेळ न पाहता कार्बन आणि पाणीबदल. आठवड्यानं दुसरी मात्रा.

दगडाबरोबर येणाऱ्या चोरट्या पाहुण्यांसाठी रात्रीचा पहारा लागतो. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा. लाल उजेड त्यांना जवळपास जाणवत नाही. केसाळ, काळ्या नख्यांचा खेकडा दिसला तर काढावाच. पंख्यासारखं तोंड हलवणारा चपटा पोर्सेलीन खेकडा मात्र निरुपद्रवी, त्याला राहू द्यावं. खेकडा पकडायला काचेचा गुळगुळीत पेला पुरतो: आत कोळंबीचा तुकडा, पेला दगडाला तिरका टेकवलेला. खेकडा उतरतो, पण काचेवर नख्या ठरत नाहीत. रात्री टाकीतून टक् टक् आवाज येतो तेव्हा तो मँटिस श्रिंप असतो किंवा पिस्टल श्रिंप, दोन्ही कोळंबीसारखे जीव. पिस्टलचा एकच पंजा मोठा असतो आणि सहसा त्रास नसतो. मँटिसचे डोळे देठावर, सगळीकडे फिरणारे, आणि तो गोगलगायी, खेकडे, मासे सगळं फस्त करतो. तो ज्या भोकात शिरतो तो दगड बाहेर काढून बादलीवर धरावा आणि भोकात सिरिंजनं साधं, बिनगोडीचं सोडा वॉटर मारावं. प्राणवायू तुटल्यामुळे तो बाहेर येतो. हातानं धरायचा नाही. त्याच्या फटक्यानं बोट फाटतं.

काटेरी किड्यांची, म्हणजे ब्रिसल वर्मची, उगाच धास्ती आहे. उरलेलं अन्न आणि मेलेले जीव हेच खातात. ते अचानक शेकड्यांनी दिसू लागले तर दोष खाणं घालणाऱ्या हाताचा आहे. दोन वेळचं एक वेळ करावं, महिन्याभरात संख्या आपोआप उतरते. कुत्र्याचं जंतांचं औषध टाकण्याचा एक सल्ला फिरतो. ते दगडात मुरून राहतं आणि पुढे आणलेल्या गोगलगायी मरत राहतात. किड्याचे केस बोटात रुतले तर चोळू नये; चिकटपट्टी दाबून उपटावी आणि व्हिनेगर लावावं.

झोआ मिटलेलेच राहत असतील तर त्यांच्या बुडाशी भिंगानं पाहावं. जिन्यासारखी वेटोळी आणि चौकटीची नक्षी असलेला चपटा शंख, काडीसारख्या पायांचा समुद्री कोळी, किंवा झोआच्याच रंगाची गोगलगाय: खाणारे हे तिघं. गोगलगायीला रंग तिनं खाल्लेल्या झोआपासूनच मिळतो, त्यामुळे ती समोर असून दिसत नाही; तिची अंडी मात्र पांढऱ्या वेटोळ्यात दिसतात. बाजारातल्या डिपनं, म्हणजे कोरल बुडवायच्या औषधी द्रावणानं, मोठे जीव मरतात, अंडी नाही. म्हणून अंडी चिमट्यानं काढायची, शक्य तर जुना प्लग (तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो ती बैठक) फेकून द्यायचा आणि दर पाच-सहा दिवसांनी तीनदा डिप. कोरलचा नवा तुकडा मुख्य टाकीत जाण्याआधी चाळीस लिटरच्या वेगळ्या टाकीत सहा आठवडे राहिला तर या पत्रातला निम्मा खटाटोप वाचतो. त्या टाकीला स्पंज फिल्टर, साधा दिवा आणि स्वतंत्र चिमटे एवढंच लागतं.

माशांवर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आले, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन झाला, तर तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालायचं नाही. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, कोळंबी-गोगलगायी-कोरल मरतात आणि मात्राही टिकत नाही. सगळे मासे वेगळ्या टाकीत उपचाराला, आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना. इतके दिवस अशासाठी की परजीवीचे काही कोष सत्तरेक दिवसांनीही फुटतात. महिन्यानं मासे परत सोडणाऱ्याला रोग परत भेटतो.

एक गोष्ट या विषयावरच्या मजकुरात सहसा येत नाही, ती आपल्याकडच्या घरांची. झुरळांसाठी घरात पेस्ट कंट्रोलची फवारणी किंवा पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते तेव्हा त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबी-खेकड्यांना मारतात. हवेचा पंप आणि स्किमर ती हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात. त्या काळात दोन्ही बंद, टाकीवर ओली चादर, पाणी खेळतं ठेवायला फक्त पॉवरहेड. खोली दोन-तीन तास उघडी ठेवून मगच पंप सुरू करावा. सकाळी सगळ्या कोळंब्या उताण्या पडलेल्या दिसल्या की शोध टाकीत न घेता आदल्या दिवशीच्या फवाऱ्यात घ्यावा.

लेखात 'दगड किनाऱ्यावरून आणले तर स्वस्त पडतात' असंही एक वाक्य आहे. मालवणपासून कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच. टाकी सिरॅमिकच्या कोरड्या दगडांवर उभी करावी; त्या दगडांबरोबर किडीही येत नाहीत. चार महिने उशिरा रंग धरते, एवढाच तोटा.

आणि काढलेली कीड, शेवाळ, सायफनचं पाणी समुद्रात किंवा खाडीत ओतू नये, 'तिथलंच आहे, तिथंच सोडलं' म्हणूनही नाही. मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खालच्या पाण्यात १९८४ मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाक्यांतलं शेवाळ पहिल्यांदा दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. कॅलिफोर्नियात २००० साली तेच एका खाजणात सापडलं, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं. ते संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. घरच्या बादलीला याच्या शतांशही कष्ट नाहीत: पाण्यात वर सांगितलेल्या प्रमाणात ब्लीच, अर्धा तास थांबणं, मग मोरीत. गाळ आणि तुकडे घट्ट बांधलेल्या पिशवीत, कचऱ्यात.

आपले,
खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक, मुंबई-ठाणे